निलगिरीखालची जागा

ऑस्ट्रेलियातल्या टालिंगा गावच्या फुटबॉल क्लबात जेबेझ पेंबर्थीची जागा ठरलेली होती, आणि ती एका झाडाने ठरवली होती. ड्वायर नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात मैदान होतं, आणि त्याच्या ऐन मध्यावर एक अजस्र निलगिरी उभी होती. ती पाडायची दगदग कोणी केली नाही, तिच्याभोवतीच खेळ सुरू झाला. चेंडू फांद्यांत शिरायचा, इकडेतिकडे आपटायचा आणि सरळ खाली पडायचा. खाली जेबेझ हात पसरून तयार. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी झेलता येतो; झेल त्याचा, म्हणजे कोणी आडवं न येता लाथ मारायचा हक्कही त्याचाच. बारा वर्षं हा लोहार अशी उभ्या उभ्या कप्तानकी करत होता. वय बेचाळीस, पोट चांगलं सुटलेलं, पळायचं नाव काढलं की धाप. त्याची बायको थर्झा म्हणायची, गावाने कप्तान तुम्हाला केलंय की झाडाला, एकदा विचारून घ्या.

१८८९ साली जिल्ह्यातल्या क्लबांनी मिळून असोसिएशन काढली. टालिंगाला आत घेऊ, पण मैदानात झाड चालणार नाही, असं पत्र आलं. मागच्या मोसमात पाहुण्यांपैकी दोघं त्या खोडावर आपटून दात गमावून गेले होते, तेव्हा तक्रार अगदीच उगाच नव्हती. हॉटेलच्या मागच्या खोलीत सभा भरली. क्लबचे चिटणीस इनिस मास्तर यांनी हात वर करायला सांगितले. सात इकडे, सात तिकडे. आता मत राहिलं कप्तानाचं, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. झाड गेलं की आपण गेलो, हे जेबेझला पक्कं ठाऊक होतं. आणि झाड राहिलं तर ही पोरं जन्मभर एकमेकांशीच खेळत बसणार, हेही. त्याने मान खाली घालून पाडण्याच्या बाजूने हात वर केला. वर करवतीला धारही त्यानेच लावून आणली, घ्या.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या दारावर संघातल्या वीसही खेळाडूंची नावं लागली. कप्तान म्हणून पोरांपैकीच एक, अल्फ डगन. जेबेझचं नाव कुठेच नव्हतं.

शनिवारी तो थर्झाबरोबर कुंपणाशी येऊन उभा राहिला, तोही जाडजूड कोटाची सगळी बटणं लावून. ऊन चांगलं होतं.

खेळ सुरू झाला आणि लोकांची हसून पुरेवाट झाली. टालिंगाची पोरं सुसाट पळत यायची आणि मैदानाच्या मधोमध आली की वळसा घालायची. कशाला, तर नसलेल्या झाडाला. सवय हाडात मुरलेली, करणार काय. पाहुणे आपले नाकासमोर पळत होते. अर्धा खेळ झाला तेव्हा त्यांचे दोन गोल आणि आपला भोपळा. त्यात एका पोराचा पाय मुरगळला.

अल्फ धापा टाकत कुंपणाशी आला.

"कॅप्टन, या ना आत. त्यांची हरकत नाही, विचारलंय मी. तुमच्या जागेवर नुसते उभे राहा, पोरांना धीर येईल."

जेबेझने वरची दोन बटणं काढलीसुद्धा. आत क्लबची निळी जर्सी होती, कडक इस्त्री केलेली, आणि ती इस्त्री कोणाच्या हातची हे सांगायला नको. आठवडाभर त्याने याच हाकेची वाट बघितली होती. त्याने मैदानाच्या मध्याकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

"नको रे," तो म्हणाला. "मी तिथे उभा राहिलो की तुम्हाला झाड दिसत राहणार. झाड गेलंय, अल्फ. मीच पाडलंय. पोरांना सांग, सरळ पळा."

"पण आपण एकोणीसच आहोत."

"सरळ पळणारे एकोणीस पुष्कळ झाले. जा तू."

अल्फ गेला. त्याने पोरांना काय सांगितलं कोण जाणे, पण ती पळाली, अगदी सरळ पळाली. एक गोल झाला, दुसरा झाला, आणि खेळ संपता संपता तिसरा. जेबेझ ओरडून ओरडून घसा बसवून मोकळा झाला. त्याला फार आनंद झाला होता, आणि आत कुठेतरी फार वाईटही वाटत होतं.

थर्झाने पुढे होऊन त्याची दोन्ही बटणं नीट लावली.

"अगं, घाम येतोय मला," तो म्हणाला.

"येऊ दे," ती म्हणाली. "डोळ्यांतून येतंय तेही त्यातच खपून जाईल."