आठ आकड्यांची जिलेबी

नेसरीचे कापडवाले चनबसाप्पा लेकीला, रक्षिताला, घेऊन कोल्हापूरला मुलगा बघायला आले होते. रक्षिता गडहिंग्लजच्या कॉलेजात गणित शिकवायची. मुलगा सोमेश. गंगावेशीत त्याचं जिलेबीचं दुकान, वरच घर. दोघांचं फोनवर बोलणं झालं होतं, आणि त्यात त्यानं तिचा आवडता आकडा विचारून घेतला होता.

तोच त्यानं तळून आणला. परातीत एका ओळीत आठ जिलेब्या: ७३९३९१३३.

"कुणाचा फोन नंबर म्हणायचा? दोन आकडं कमी हायत," चनबसाप्पा म्हणाले.

रक्षिताला हसू आवरेना. "मूळ संख्या हाय अप्पा. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंच भाग जात न्हाय. आणि उजवीकडनं एकेक आकडा काढत गेलं तरी उरंल ती मूळच."

तोवर सोमेशच्या आईनं, रत्नव्वानं, डावीकडचा सात उचलून पाहुण्यांच्या ताटलीत ठेवला. "तोंड गोड करा पावणं."

"अव्वा, तिकडनं न्हवं," सोमेश कळवळला.

रक्षितानं उरलेल्या ओळीवर नजर फिरवली. "गेली. आता अकरानं भाग जातोय."

चनबसाप्पांचं अर्धं आयुष्य गजाच्या हिशोबात गेलेलं. ते पुटपुटत राहिले, मग थांबले. "तीन लाख अठ्ठावन्न हजार एकशे तीन. बाकी शून्य." त्यांनी सात स्वतःच्या हातानं परत जागेवर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. "आता उजवीकडनं बघू. मोडतोच हिला."

एक आकडा खायचा आणि उरलेल्याला भागायचं. सातानं जाईना, तेरानं जाईना. "एकोणीसनं बघा की," रत्नव्वानं सुचवलं आणि तीही पुढं सरकून बसली. पाक कोपरापर्यंत ओघळला. चार आकडे उरले तेव्हा चनबसाप्पा मांडी थोपटून ओरडले, "सतरानं जातोय." सोमेशचा चेहरा पडला. त्यांनी परत मोजलं. "न्हाय. बाकी पंधरा." सगळे इतके हसले की रत्नव्वाला ठसका लागला.

शेवटी एकटा सात उरला. तो रक्षितानं मोडला, अर्धा सोमेशला दिला. चनबसाप्पांनी ते पाहिलं.

"पावणं, मुलगा बघायचा ऱ्हायलाच की," रत्नव्वा म्हणाली.

"बघितला. पसंत हाय." त्यांचं लक्ष परातीकडंच होतं. "पुन्हा तशीच काढ रे सोमेश. शेवटी एक आकडा जास्त घाल."

"अप्पा, नऊ आकडी अशी एकबी संख्या न्हाय," रक्षिता म्हणाली.

"तू गप. मला बघू दे."

ती सोमेशच्या मागं कढईपाशी गेली. नवव्या जागी तिनं स्वतः एकचा आकडा सोडला, वाकडातिकडा. परात आली. चनबसाप्पांनी बोटांवर नऊ आकड्यांची बेरीज केली.

"एकोणचाळीस. तीननं जातोय," ते म्हणाले, आणि तो एक तोंडात टाकला.