तीन ओळींची जागा

शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला काय म्हणायचंय ते विचारावं, असा कायदा आहे. आणि अडीचशे ग्रॅमच्या वर नशेच्या पावडरीचा माल सापडला तर दहा वर्षं द्यायचीच, एक दिवसही कमी नाही, असाही कायदा आहे. एक म्हणतो ऐकून घ्या, दुसरा म्हणतो ऐकून काही फरक पडणार नाही. या दोघांच्या भांडणात कोर्टातल्या स्टेनोबाईंनी आपला मार्ग काढला होता. हुकूम आधीच टाइप करायचा, नाव आणि वजन भरायचं, आणि मधे आरोपीच्या म्हणण्यासाठी तीन ओळी मोकळ्या सोडायच्या.

तीनच का, तर चौथी ओळ आली की न्यायाधीश साहेबांची सही एकटी पुढच्या पानावर जायची. एकट्या सहीचं पान वरच्या कार्यालयात चालत नसे, कागद परत यायचा. अक्षर लहान करायचं नाही, समास कमी करायचा नाही, याचीही परिपत्रकं होती. कागद परत आला की अपील लांबणार, आणि आरोपी तोवर आत. तेव्हा तीन ओळी, त्यात माणूस जेवढा बसेल तेवढा बसेल.

आज इस्त्रीवालीची पाळी होती. सकाळीच साहेबांनी तिला दोषी ठरवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी तिची टपरी. दिराने एक पत्र्याची डबी आणून दिली, म्हणाला, "वहिनी, उद्या येऊन नेतो." उद्या दीर आला नाही, पोलीस आले. दीर अजून सापडलेला नाही आणि त्याला शोधायला कुणी फारसं हललेलंही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आता संन्यासी अगदीच भाबडा होता असं नाही. डबीत खोबरेल तेल नाही एवढं तिलाही कळत असणार. पण दहा वर्षं?

तीन वाजता ती पिंजऱ्यात उभी राहिली. साहेबांनी विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?"

बहुतेक जण इथे रडतात किंवा गप्प राहतात. ही बोलायला लागली. मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणाली. तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. गणवेश इस्त्री करून ट्रंकेत तळाशी ठेवलाय, तो तिला सापडणार नाही, कुणीतरी सांगा. अंधाराला घाबरते, दिवा चालू ठेवायला सांगा. स्टेनोबाईंची पेन्सिल चालली होती, आणि त्यांच्याही नकळत मान हलत होती. इस्त्रीवालीने ते पाहिलं. पुढचं सगळं ती साहेबांकडे न बघता स्टेनोबाईंकडे बघूनच बोलली.

मग मधेच, पदराने नाक पुसत, ती म्हणाली, "आणि साहेब, ते डबीसकट तोललं हो. उघडलीच नाही. वाऱ्यानं उडेल म्हणाले. चिमूटभर तेवढी नंतर काढली तपासायला. डबी तुमच्याकडंच आहे ना अजून? रिकामी करून तोला की."

आणि पुन्हा मुलीवर आली.

स्टेनोबाईंची पेन्सिल थांबली नाही, पण त्यांना एक जुनं वाक्य आठवलं. अकरा महिन्यांपूर्वी पंचाची साक्ष त्यांनीच टाइप केली होती. 'जशी सापडली तशी काट्यावर ठेवली, दोनशे बासष्ट ग्रॅम भरली.' जशी सापडली तशी! धाडीवरच्या लोकांची ती सवयच. पावडर सांडू नये म्हणून डबीसकट तोलायचं आणि आकडा लिहून मोकळं व्हायचं. फुकट नेमलेल्या वकिलांनी त्या दिवशी दोन प्रश्न विचारले, तेही तारखेबद्दल. आणि आपण? आपण ते वाक्य बिनचूक टाइप केलं आणि चहाला गेलो. स्टेनोबाईंना स्वतःची लाज वाटली.

साहेब उठल्यावर त्या टपाल विभागात गेल्या. तिथे पाकिटं तोलायचा काटा होता आणि काट्यामागे एक कारकून, ज्याला सगळे तोळामासा म्हणत, कारण त्याची प्रकृती रोजच तशी. स्टेनोबाईंनी आपली टाचण्यांची पत्र्याची डबी रिकामी करून काट्यावर ठेवली.

"कुणाला पाठवताय?" तोळामाशाने विचारलं.

"कुणाला नाही. आकडा सांगा."

"एकतीस. झाकणासकट."

पुराव्यातली डबी ही नव्हे, हे स्टेनोबाईंना कळत होतं. पण दोनशे बासष्टमधून एकतीस काय, तेरा गेले तरी पुरे होतं.

साहेब खोलीत चष्मा काढून डोळे चोळत बसले होते. पूर्वी ते एकेका निकालासाठी रात्रीचा दिवस करत. आता त्यांना कुठल्याही कागदाचं शेवटचं पानच आधी हवं असे. स्टेनोबाईंनी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

"बाई, हे उलटतपासणीत यायला हवं होतं. आता वरातीमागून घोडं. दोषी ठरवून झालं, वजन धरून झालं. माझाच निकाल मला बदलता येत नाही."

"पण साहेब, अडीचशेच्या खाली असतं तर?"

"तर शिक्षा माझ्या हातात होती. दोन वर्षं दिली असती. कदाचित तीही नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "वरच्या कोर्टात जाईल तेव्हा बघतील ते."

"कागदावर असेल तरच बघतील."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तिचं म्हणणं लिहायला मी कधी नको म्हटलंय? तीन ओळींत बसवा. पाचला सही करतो."

स्टेनोबाईंनी वही उघडली. इस्त्रीवालीचं म्हणणं साडेचार पानं भरलं होतं. वेणी, गणवेश, ट्रंक, दिवा. त्यांनी आधी दोन्ही घालून पाहिलं. पाच ओळी झाल्या. मुलीचं एकच वाक्य ठेवून पाहिलं, चार. मनगटं ठणकत होती. वरचं कोर्ट मुलीसाठी एक दिवसही कमी करू शकणार नव्हतं, त्यांचेही हात याच कायद्याने बांधलेले. डबीसाठी मात्र आठ वर्षं कमी होऊ शकत होती. हिशेब सोपा होता, आणि तो आपल्याला करावा लागतोय याचा स्टेनोबाईंना भयंकर राग आला. त्यांनी मुलीचं वाक्य खोडलं.

'आरोपी म्हणते की माल पत्र्याच्या डबीसकट तोलला. डबी न उघडताच वजन घेतले. डबी अद्याप न्यायालयाच्या ताब्यात आहे. ती रिकामी करून पुन्हा तोलावी.'

बरोबर तीन ओळी. सही त्याच पानावर आली.

दोषीला हुकुमाची प्रत तिथल्या तिथे द्यावी लागते. बाहेर बाकावर इस्त्रीवाली महिला पोलिसाशेजारी बसली होती. तिने प्रत घेतली आणि त्या तीन ओळींवर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"माझ्या मुलीचं?" तिने विचारलं.

"हे अपिलात वकिलांना दाखवा," स्टेनोबाई म्हणाल्या. "याच ओळी दाखवा. विसरू नका. यानेच सुटाल तर सुटाल."

"तुम्ही मान हलवत होता. मला वाटलं, तुम्ही लिहून घेताय."

"लिहून घेतलंय. माझ्या वहीत आहे."

"वहीत कोण वाचणार?"

 वहीतली लघुलिपीची ती वळणं स्टेनोबाईंशिवाय कुणाला लागत नव्हती.

"पोलिसांनी डबीचं लिहिलं, साहेबांनी डबीचं लिहिलं," इस्त्रीवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तुम्ही पण डबीचंच लिहिलंत बाई."

महिला पोलीस उठली, म्हणाली, चला, गाडी आली. इस्त्रीवालीही उठली. जाता जाता तिने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, तिथे तरी काही लिहिलंय का म्हणून.