कडुनिंबाखालचा रूळ

मार्गशीर्षाचे कोवळे, केशरकांती ऊन बोरखेडीच्या शिवारावर उतरले होते. तुरीच्या पिवळ्या फुलांवर दव होते, दवात सूर्य होता. आणि टेकाडावरचे ते इवलेसे, कौलारू, चुनाधवल मेथडिस्ट ख्रिस्ती मंदिर नुकतेच न्हाऊन आल्यासारखे उन्हात उभे होते.

आज इथल्या उपासनेला शंभर वर्षे पूर्ण होत होती.

आत सलोमीबाई उभ्या होत्या. चाळीस वर्षे संडेस्कूल शिकवणाऱ्या, शुभ्रवसना, शुभ्रकेशी सलोमीबाई. समोर त्यांची अकरा मुले. मंदिराचा इतिहास त्यांनी वर्षभर मुलांच्या ओठांवर पेरला होता, एकेकाला एकेक वाक्य. आज तो गावापुढे उगवायचा होता.

पण बाके रिकामी होती.

नवी पितळी घंटा दोनदा वाजली होती. सुवर्णवर्णा, मंजुळकंठी, शंभरीसाठी मुद्दाम शहरातून आणलेली. किणकिण झाली, ऊन चढले, बाके रिकामीच. किणकिण झाली, दव सुकले, बाके रिकामीच.

"बाई, दहाला मला माळेगावची उपासना आहे," पाळकसाहेब घड्याळ पाहत म्हणाले. "पाव तास थांबतो. नाहीतर मुलांचं पुढच्या वर्षी घेऊ."

पुढच्या वर्षी! थोरली तिघे तोवर वसतिगृहात गेलेली असतील. माळेतून तीन मणी गळतील, मग गोष्ट ओवायची कशी?

सलोमीबाई लगबगीने बाहेर आल्या आणि पायरीशी त्यांचे पाऊल अडले. तिथे रेल्वेच्या जुन्या रुळाचा तुकडा पडला होता, हातभर लांब, कृष्णवर्ण, कालपरवापर्यंत दारच्या कडुनिंबाला घंटा म्हणून टांगलेला. नवी घंटा आली तसा तो चपलांचा चिखल खरवडायला पायरीशी आला होता.

शंभर वर्षे गावाचे कान या लोखंडाशी जडलेले!

त्यांनी रुळाशेजारची हातोडी उचलली, रुळावर मारली. थप्प.

"बाई, हा मुका झाला?" धाकट्या रिबेकाने विचारले.

"मुका नाही गं, निजलाय. लोखंड अधांतरी असलं की गातं. पळा, विहिरीचा दोर आणा!"

दोर आला. रुळाला गाठ बसली. फांदीवरून दोर गेला आणि बावीस हातांनी तो ओढला. रूळ उठला, डोलला, अधांतरी झाला. सलोमीबाईंनी हातोडी उगारली.

ठण्ण!

गंभीर, घनगर्भ, ओळखीचा नाद. ठण्ण! पारवे उडाले. ठण्ण! दारे उघडली. आणि आली माणसे: कुणी ओल्या केसांची, कुणी सदऱ्याची बटणे लावत, कुणी लेकरू काखोटीला मारून.

"ती किणकिण मंदिराची होती होय?" शमुवेलदादा धापा टाकत म्हणाले. "मला वाटलं, म्हातारीचे केस विकणारा आला! नातीसाठी, बदल्यात द्यायला वाटीभर तूर काढून ओट्यावर बसलो की हो!"

हशाने कडुनिंब शहारला.

"अरे, तो दोर खोडाला बांधा की आता," गर्दीतून कुणी म्हणाले.

"नाही!" अकरा कंठ एकदम म्हणाले.

"मग धरून ठेवा," सलोमीबाई हसल्या, "आणि तिथूनच आपापलं वाक्य सांगा."

"शंभर वर्षांपूर्वी इथं मंदिर नव्हतं. हा कडुनिंब होता."

"रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या याकोब गँगमनने फांदीला मोडका रूळ टांगला, आणि त्याच्या आवाजाला सात माणसं आली."

"ती गोणपाटावर बसली."

गाव खाली पाहू लागले. गावही मातीवरच बसले होते, त्याच सावलीत.

"भिंत दोनदा पडली. तिसऱ्यांदा बायकांनी नदीची वाळू डोक्यावरून आणली."

वाक्यामागून वाक्य आले, विटेवर वीट चढावी तसे. पाळकसाहेबांनी घड्याळ खिशात घातले आणि तेही मातीवर टेकले. "थांबतील माळेगावकर," ते पुटपुटले.

शेवटचे वाक्य रिबेकाचे. टाचा उंचावून, दोराला लोंबकळत ती म्हणाली,

"आणि मग आम्ही आलो."

वाऱ्याची झुळूक आली. कडुनिंबाची पिवळी पाने झरली, केसांवर, खांद्यांवर, उघड्या तळव्यांवर. आणि वर, बावीस चिमण्या हातांच्या बळावर, तो काळा रूळ सोनेरी उन्हात झुलत राहिला, हळू, हळू, हळू.