वाळूतलं रान

"आणखी एक बळी?" पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेल्या वन्संनी विचारलं.

तिने पेरूचं रोप खड्ड्यात ठेवलं, भोवती वाळू लोटली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. चाळणीतून जावं तसं ते गडप झालं. याआधीची दोन्ही रोपं उन्हात करपून काटक्या झाली होती.

आयुष्यभर तिने शाळेचे गणवेश शिवले होते. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. तो निवृत्त झाल्यावर दोघांनी गावाबाहेरचं हे दोन खोल्यांचं घर घेतलं, ते मागे मोकळी जागा होती म्हणून. मोकळी म्हणजे अगदीच मोकळी. वारा सुटला की वाळू दाराखालून आत यायची आणि पिठाच्या डब्यापासून नवऱ्याच्या चष्म्यापर्यंत सगळीकडे जाऊन बसायची. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे वन्सं, पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. चहाला यायच्या आणि दोघांना वेड्यात काढून जायच्या.

"बाळ्या, बायकोला समजाव. ही जागा फार तर कपडे वाळत घालायची."

बाळ्या साठी ओलांडलेला होता. "ताई, तिला मी समजावू? मग आम्हांला जेवायला तूच घाल."

तिसरा पेरूही गेला. त्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. डोळे पुसून, रागाच्या भरात तिने मागची अडगळ आवरायला काढली. आधीच्या भाडेकरूंची एक कापसाची गादी भिंतीशी कुजत पडली होती. ती फरफटत बाजूला केली आणि तिचे हात तिथेच थांबले. गादीखालची वाळू आता वाळू राहिलीच नव्हती. काळी झाली होती, ओलसर होती, आणि आत चक्क गांडुळं वळवळत होती. तिने मूठभर उचलून दाबली, तर तिचा लाडू झाला.

"अहो! आधी इकडे या!"

नवरा अर्धी दाढी फेसात ठेवून धावत आला. "साप निघाला का?"

"हात लावून बघा. मी मेली नुसतं पाणी ओतत बसले. हिला पांघरूण हवं होतं हो!"

दुसऱ्या दिवसापासून दोघं गावभर हिंडू लागली. फर्निचरच्या दुकानामागची पुठ्ठ्याची खोकी, रस्त्याकडेचा पालापाचोळा, सुताराकडचा भुसा, जे मिळेल ते हातगाडीवर घालून आणायची आणि वाळूवर जाड अंथरायची. वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके नवऱ्याने दोर आणि पहार लावून वाळूत खणलेल्या चरात लोटले. क्रेन सुटल्यापासून त्याला एवढं खुशीत तिने पाहिलं नव्हतं. ओंडके आत कुजत राहिले आणि पाणी धरून ठेवू लागले.

"लोक घरातला कचरा बाहेर टाकतात," वन्सं म्हणाल्या, "तुम्ही गावाचा घरात आणा!"

वाऱ्याच्या बाजूला सुरूच्या झाडांची रांग लागली. मग शेवगा. तो भराभर वाढायचा. ती त्याच्या फांद्या छाटायची आणि तिथेच खाली पसरायची. त्याच्या विरळ सावलीत अंजीर, तुती आणि डाळिंब आलं, आणि हट्टाने चौथा पेरूही. खाली रताळ्याचे वेल सोडले. काही झाडं मेलीच, पण आता ती रडत नव्हती. मेलेलं झाड मोडून जिवंत झाडाच्या बुंध्याशी टाकत होती. काही वर्षांत झाडं डोक्याच्या वर गेली.

आणि नेमका तेव्हाच नवऱ्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रियेसाठी दोघांना लेकीकडे शहरात जावं लागलं, आणि मुक्काम लांबत अख्खा उन्हाळा तिथेच गेला. त्या वर्षी ऊन असं पडलं, की लेकीच्या सोसायटीतली हिरवळसुद्धा पिवळी पडली. माळी रोज पाणी मारायचा तरी. ती खिडकीशी उभी राहून ते बघायची आणि तिचा जीव घरी असायचा.

शेवटी न राहवून तिने फोन लावला. "वन्सं, मागे जरा डोकावता का?"

"मी पाणीबिणी घालणार नाही हं. कंबर कुठंय मला?"

"नका घालू. नुसतं बघा आणि सांगा."

दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन आला. म्हणाल्या, "मला नाही सांगता यायचं. तूच येऊन बघ."

ती समजायचं ते समजली. परतीच्या प्रवासात नवरा काठीवर हात ठेवून पुटपुटला, "गेलं तर गेलं. पुन्हा लावू."

मागचं फाटक उघडेना. गंज चढला असेल म्हणून तिने जोर लावला, तर रताळ्याच्या वेलांनी ते गच्च धरून ठेवलेलं. वेल बाजूला सारून ती आत शिरली आणि अंगावर गारवा आला. बाहेर रस्ता तापलेला, इथे पायाखाली ओल. अंजिराच्या फांद्या फळांनी वाकलेल्या, पेरू बहरलेला. आणि तुतीखाली खुर्ची टाकून वन्सं बसल्या होत्या. ओठ जांभळे, हात जांभळे, पदरावर डाग.

"वन्सं! पाणी कोणी घातलं?"

"थेंबभर नाही. मी फक्त खाल्लं." वन्सं उठल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "फोनवर काय सांगणार होते गं? इतकी वर्षं नावं ठेवली, आणि आता रोज दुपारी इथेच येऊन बसते. जीभच रेटेना."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तिच्यावाचून सगळं फोफावलं होतं. क्षणभर हेही टोचलं, आणि मग त्याचाच अभिमान वाटला.

"अगं, हे बघ काय!" पलीकडून नवऱ्याने काठी आपटली. सुरूच्या पायथ्याशी पपईची तीन झाडं कमरेएवढी उभी होती. "हे कधी लावलंस?"

"मी नाही लावलं."

"मी तर नाहीच."

दोघांनी वन्संकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? पाखरांना विचारा," म्हणत त्यांनी पदर खोचला. "आणि तू उभी काय राहिलीस? टोपली आण. रताळी काढायचीत, मला भूक लागलीय."