सतरा नंबरचा जोड

मीच म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं, मागं पारावर बसलेला मी उठलो आणि म्हणालो, "वैजिनाथतात्यांना बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावा. मग तर पटंल?"

आणि सगळ्या ग्रामसभेनं वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, जिंकलो आपण.

थांबा, आधीचं सांगतो. ती तेलाची पाइपलाइन आमच्या शिवारातून चालली होती, घाटनांदूरच्या अलीकडून. कवेत मावायचे नाहीत असले पाइप, एकाला एक जोडत चाललेले. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही, सहकारी साखर कारखान्याच्या चिमणीवर कावळे बसतात, आणि त्यात हे काम आलं. मी ट्रॅक्टर लावला. छबुबाईनं चहाचं दुकान टाकलं, परगावच्या पोरांनी खोल्या भाड्यानं घेतल्या. आणि वैजिनाथतात्या पुन्हा वेल्डर झाले.

पुन्हा म्हणजे, ते कारखान्यात बॉयलरवर वेल्डर होते. कारखाना बंद पडला तसा बॉयलरचा माणूस कोयता घेऊन उसाच्या फडात गेला, चार हंगाम. आणि टोळीत एकटा माणूस धरत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे, नवराबायको मिळून एक कोयता. म्हणजे गंगासागरकाकूही गेल्या. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढून चढून त्यांचं अंग बाहेर यायला लागलं. ह्या उन्हाळ्यात अंबाजोगाईला गर्भाची पिशवी काढली. डॉक्टर म्हणाले, आता भरली घागरसुद्धा उचलायची नाही. तात्यांनी सगळ्या गल्लीसमोर सांगितलं, "हिच्या डोक्यावर आता मोळी चढणार न्हाई. मी हाय तवर."

तात्यांचं काम बघायला मी मुद्दाम ट्रॅक्टर थांबवायचो. कोपरापर्यंतचे पिवळे चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर काळी काच. जोड झाला की तात्या तो गार होऊ द्यायचे, मग शेजारी लोखंडी पंचनं आपला वेल्डर नंबर ठोकायचे. सतरा. म्हणायचे, "उद्या फुटला तर कुणाच्या घरी जायचं ते लिहून ठिवलंय."

आता भांडण कशावरून, तर बायनाबाईच्या विहिरीवरून. गावात तेवढ्या एकाच विहिरीला पाणी होतं, सगळं गाव तिथं भरतं, आणि लाइन तिच्यापासून चाळीस पावलांवरून गेलेली. टीव्हीवर शहरातली माणसं भांडायची, एक म्हणायचा लाइन रद्द करा, दुसरा म्हणायचा केली तर एवढे लोक बेकार. आमच्याकडं मात्र नुसतं विहिरीचं बोलणं. आठ गावांच्या ग्रामसभा ठराव करणार होत्या, पहिली आमची.

दूध सोसायटीचे चेअरमन सुंदररावआबा लाइनीच्या बाजूनं. ते म्हणाले, "चाळीस घरांच्या चुली पेटल्यात बे त्या पाइपावर. रद्द म्हणणारांनी चाळीस घरी भाकरी पोचवायची का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमच्या जेसीबीची चूल धरून चाळीस का सोडून?"

लोक हसले. बायनाबाई हसली नाही. सत्तरीची बाई, उठून उभी राहिली. "मला ते भाकरीचं कळतंय बाबा. माझा नातूबी तिथंच खड्डे खांदतोय. पर तेल इहिरीत उतरलं तर लेकरं काय पितील? उतरणार न्हाई म्हून कुणी छातीला हात लावून सांगावं. मी गप बसते."

कंपनीचे साहेबलोक आलेच नव्हते. आबा इकडंतिकडं बघायला लागले. आणि मी उठलो.

मला वाटलं, तात्यांचा शब्द गावात कोण मोडणार? नाव वैजिनाथ, माणूस असा की कारखान्याचा खिळासुद्धा घरी आणला नाही. एकदा बेल उचलला की संपलं, काम राहिलं, काकू घरी राहिल्या. पुजाऱ्यानं ताटात बेलाची पानं आणि भंडारा आणला. आबा खूश. "उचल वैजिनाथ. म्हण, एकबी जोड गळणार न्हाई."

तात्या ताटासमोर बसले. हात पुढं केला आणि तसाच धरला.

"इहिरीजवळ अकरा जोड हायेत," ते म्हणाले. "सात माझे. त्यांच्यासाठी आत्ता उचलतो."

"अन् चार?" बायनाबाई.

"ते दुसऱ्या वेल्डरांचे. म्या तवा अंबाजोगाईला गेलतो. हिच्या ऑपरेशनला."

आबा चिडले. "लेका, समद्या जोडांचे एक्सरे काढलेत. पास हायेत."

"असतील. पण बेल मला उचलायला लावलाय आबा, एक्सरेला न्हाई."

"अरे, नुसतं म्हणायचंय."

तात्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. काकू पदर तोंडाला लावून त्यांच्याकडंच बघत होत्या. मग तात्यांनी हात मागं घेतला आणि धोतराला पुसला, हाताला काही लागलं नव्हतं तरी. काकू उठल्या आणि घरी गेल्या. हात मोजायच्या आधीच.

लाइन रद्द करा असा ठराव झाला. मग बाकीच्या सात गावांनी केले, सगळीकडं हेच सांगायचे, त्यांचाच वेल्डर बेल उचलंना. दिवाळीच्या आत लाइन रद्द. छबुबाईनं दुकानाचे पत्रे उतरवले, माझा ट्रॅक्टर दारात उभा. आबा तात्यांशी बोलंनात, आणि ज्यांनी हात वर केले होते त्यांचीसुद्धा पोरं घरी बसल्यावर तेही बोलंनात. पाइपात आता शेळ्या बसतात सावलीला.

आणि ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. मी गेलो तात्यांच्या घरी.

"तात्या, माझ्यामुळं झालं. मी बोलायलाच नको होतं."

"तू कावून रडतूस बे? बोललास ते खरंच बोललास की." ते कोयत्याला कानस लावत होते. "मला उचलता आला असता तर बरं झालं असतं, एवढंच."

काकू आतून म्हणाल्या, "चहा घेतो का रे?" मी नको म्हणालो. त्यांच्याकडं बघवेना.

ट्रकमध्ये अंथरुणं चढली, भांडी चढली, कोंबड्या चढल्या. काकू एका हातानं पोट धरून फळीवरून हळूहळू चढल्या आणि गठुड्यावर बसल्या. मांडीवर चुंबळ होती, मोळीखाली डोक्यावर घ्यायची. नवी, जाड, लुगड्याच्या चिंध्यांची. एका जागी शिवण उसवली होती आणि आतून पिवळं चामडं दिसत होतं. हातमोज्याचं बोट.

शेजारी बसलेल्या तात्यांनी ते बघितलं. त्यांनी हात पुढं केला, काकूंनी चुंबळ दिली. तात्यांनी ते बोट अंगठ्यानं आत दाबलं, गोधडीतून दाभण काढलं आणि ट्रक सुरू होईपर्यंत एकेक टाका घट्ट ओढत राहिले. शेवटी गाठ मारून दोरा दातानं तोडला, जोडावरून अंगठा फिरवून बघितला, आणि चुंबळ काकूंच्या डोक्यावर ठेवून नीट बसते का ते बघितलं.