चाळीस पत्त्यांत चिकटकीड

हर्षालीने ते कार्ड चिमटीत धरलं, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं, आणि निकिताच्या वहीवर टाकून दिलं.

"शी! उचल ते. आधी उचल!"

"अगं कार्ड आहे. चावणार आहे का?" निकिता म्हणाली.

कार्डावर चिकटकीड होती. पांढरी, पिठात लोळून आल्यासारखी, पोटाखालून काहीतरी पाझरणारी. चित्र काढणाऱ्याच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे, त्याने एकेका पायाला केस काढले होते आणि पाझराला चमकही दिली होती.

निकिताला त्याची मजा वाटत होती, कारण निकिताचे बाबा बँकेत. हर्षालीच्या घरची मखमलाबादला दोन एकर द्राक्षबाग, आणि असली कीड बागेत खरीखुरी असते. मिलीबग म्हणतात तिला. घडात बोट घालावं तर बोट चिकटतं, आत पांढरा कापूस वळवळतो, वरून काजळी धरते, आणि मग तो घड कुणी फुकटही नेत नाही. हर्षालीला कळायला लागल्यापासून एकच शिकवलेलं: दिसली की थांबायचं नाही. झाडाला लाल चिंधी बांधायची, साल खरवडायची, पुसून काढायची.

"आणि तू म्हणतेस ती मी डेकमध्ये घेऊ?"

"मग रविवारी हर. अजून एकदा हर."

हे मात्र लागलं. कॉलेज रोडला संतोषदादाचं दुकान होतं, तिथे दर रविवारी 'प्राणिरण' या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा व्हायची. दुकानाची तिघांची टीम पुण्याला जाणार होती. दोन जागा भरलेल्या, तिसरी या रविवारी जो जिंकेल त्याची. गेल्या वर्षी हर्षाली त्या दुकानात भिंतीला टेकून नुसती बघायची. आता खुर्ची ओढून बसायची आणि "चला, कोण येतंय मार खायला?" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात विचारायची. मार मात्र तीच खायची. तिच्या चाळीस पत्त्यांच्या डेकमध्ये मोर होते, हरणं होती, चांदीच्या शिंगांचा ससा होता. देखणा डेक! दहावीतल्या रुद्रचे लांडगे तो पाच मिनिटांत फस्त करायचे. "छान आहे गं तुझं प्राणिसंग्रहालय," तो म्हणायचा. "तिकीट कितीला?"

"तुझे प्राणी एकमेकांना ओळखतात तरी का?" निकिताने विचारलं. "मोराचा सशाला काय उपयोग? आता हे बघ. रसवेल आपली, पाच लाइफची. कीड बसवायची आपल्याच वेलीवर. दर टर्नला कीड दुप्पट होणार, वेलीचं एक लाइफ जाणार. राखणीला मुंगळा. तो आहे तोवर समोरच्याला किडीला हात लावता येत नाही. वेल मेली की सगळी कीड एकदम समोरच्याच्या अंगावर. एकाची बत्तीस! खेळणाऱ्याला लाइफ असतात तीसच."

"म्हणजे आपल्याच वेलीला आपल्या हाताने कीड लावायची? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

पण मुंगळ्याचं ऐकून ती जरा थांबली. बागेतही मुंगळे मिलीबगची अशीच राखण करतात, तिच्या पोटातून गळणारं गोड चाटतात. ई! विचारानेच तिच्या घशाशी आलं. चित्र काढणाऱ्याने किळस आणली होती, पण खेळ बनवणाऱ्याला शेती कळत होती.

तिने मोर काढले, हरणं काढली, ससा काढताना तर डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या जागी वेली, मुंगळे आणि तो पांढरा गिळगिळीत कारभार. कार्डं लावताना मम्मी मागे येऊन उभी राहिली.

"हे काय घरात आणलंस? बागेत कमी पडली का?"

"मम्मी, गेम आहे."

"गेम असू दे नाहीतर काही असू दे. जेवायच्या टेबलावरून उचल."

सरावात वेगळीच पंचाईत झाली. कीड मध्येच उतरवायची मुभा होती, फक्त मग जमली असेल तेवढीच समोरच्यावर चालून जायची. तिसरी टर्न आली, आठ झाल्या, की हर्षालीचा हात आपोआप पुढे जायचा आणि वेल मोकळी करायचा.

"का काढलीस?" निकिता किंचाळायची.

"वेल मरतेय गं."

"मरायलाच ठेवलीये ती!"

"मला नाही बघवत."

आठ वेळा खेळल्या, आठही वेळा हेच.

रविवारी हर्षाली कशीबशी रुद्रपर्यंत पोचली. शेवटचा डाव. तिने वेल मांडली, मुंगळा मांडला, कीड मांडली. रुद्र खुर्चीसकट मागे सरकला.

"शी! काय घाण खेळतेस? जेवून आलोय मी."

"मी पण जेवूनच आलेय," हर्षाली म्हणाली.

लांडगे सुटले. मुंगळ्याला मारणं रुद्रला सहज जमलं असतं, पण "मुंगीवर लांडगा कोण वाया घालवतं?" म्हणत त्याने सगळा मारा हर्षालीवरच ठेवला. तिचे तीसचे अठरा झाले, मग अकरा. वेलीवर आठ किडी. वेलीला लाइफ दोन.

हात निघाला. बोटं कार्डापर्यंत पोचलीसुद्धा. अंगठा चिकटल्यासारखा वाटला, नाकात सडक्या घडाचा आंबूस वास आला. पुसून टाक, पुसून टाक, असं सगळं अंग ओरडत होतं. आठ उतरवल्या तर आठच लागतील आणि पुढच्या दोन टर्नमध्ये लांडगे तिला संपवतील. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"माझी टर्न झाली."

सोळा. वेलीला लाइफ एक. लांडग्यांनी तिला चारवर आणलं.

हर्षालीने वेलीकडे पाहिलं. बागेतलं झाड असतं तर पप्पांनी हर्षालीलाच फाडून खाल्लं असतं. ती बोलली, "बत्तीस. वेल मेली."

रुद्रने मोजलं. परत मोजलं. मग कार्डं टेबलावर आपटली.

"इतकं किळसवाणं कुणी जिंकतं का?"

"मला विचारतोस? मला आधी हात धुवायचेत!"

संतोषदादाने यादी पुढे ओढली. "पुण्याला हाच डेक नेणार ना? का परत हरणं-बिरणं?"

हर्षालीने मेलेली वेल उचलली. कडेला धरून, फक्त नखांनी.

"हाच," ती म्हणाली. "शी!"