कापूस लावलेल्या बकऱ्या

शेवंताबाईंचा एकच हट्ट असे. देवानं जे जसं केलं, ते तसंच काढायचं. "चित्रातलं खोटंही देवाघरी खोटंच धरतात बरं," असं त्या पोरांना बजावत. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर, दर रविवारी उपासनेनंतर त्यांचा चित्रकलेचा वर्ग भरे. खडू-कागद पदरचे. धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहात चित्रकलेच्या बाई म्हणून नेमणूक व्हावी, यासाठी बाई अकरा वर्षं देव पाण्यात घालून बसल्या होत्या. ख्रिस्ती बाईबद्दल असं म्हणू नये, पण बसल्याच होत्या!

सत्त्याऐंशी साली धुळ्याच्या रेव्हरंड साहेबांनी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवलं. विषय, उत्तम मेंढपाळ. ज्या बाईचा वर्ग सरस, तिला वसतिगृहातली जागा.

पोरांनी मान मोडून चित्रं काढली. बाई बघतात तर काय, बाराही कागदांवर येशूच्या खांद्यावर बकरी! काळी, शिंगाळी, दाढीवाली. पोरांचा तरी काय दोष? पाड्यावर मेंढी पाहिली होती कुणाच्या बापानं? पण न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं, म्हणजे बकऱ्याच, डावीकडे, थेट आगीत, हे रेव्हरंड साहेबांना तोंडपाठ.

बाईंनी शिंगं खोडायला लावली, दाढ्या पुसायला लावल्या. आणि कापसाला या मुलखात काय तोटा? खळ लावून कापूस चिकटवला. घटकाभरात अकरा बकऱ्यांच्या अकरा मेंढ्या झाल्या.

बारावी रुपलीची. नऊ वर्षांची ही पोरगी रोज बकऱ्या चारायला न्यायची, त्यांतली चांदी तिची लाडकी. तिनं कागदावर दोन्ही हात ठेवले. "बाई, ही मनी चांदी शे. हिले शिंगं शेतस. तुम्हीच सांगं व्हतं ना, खोटं काढानं नही?"

"जास्त शहाणपणा नको," म्हणत बाईंनी कागद ओढला आणि चांदीची शिंगं स्वतःच्या हातानं खोडून वर कापूस चिकटवला. रुपली रडली नाही, नुसती बघत राहिली. बाईंना ते फार झोंबलं, पण जागा डोळ्यांपुढे होती.

धुळ्यात बाराही पोरं आपापल्या चित्राशेजारी उभी होती. रेव्हरंड साहेब नेमके रुपलीच्या चित्रापाशी थांबले. कापसाखालून शिंगाची काळी रेघ दिसत होती. त्यांनी चष्मा वर केला. "ही मेंढीच ना गं, बाळ?"

शेवंताबाईंची अकरा वर्षांची आस आता त्या पोरीच्या जिभेवर होती, आणि ही पोरगी खोटं बोलणाऱ्यांतली नव्हे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? रुपलीनं बाईंच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे पाहिलं.

"मेंढी शे," ती म्हणाली.

"वा! मुलांना खरं बघायला शिकवलंत, शेवंताबाई. जूनपासून या रुजू व्हायला."

बाईंना आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज, अशी की मान वर होईना. व्हरांड्यात रुपलीनं त्यांचा पदर ओढला. "बाई, बराबर सांगं ना मी?"

"बराबर," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पोरगी हरखली. उरलेल्या अकरा जणांना तिनं भिंतीशी रांगेत उभं केलं आणि बोट नाचवत बजावू लागली, "कोन्ही इचारं, तं बठ्ठासनी मेंढीच सांगानी!"